विमलआत्याचा उपाशी पट्टा

विमलआत्या गेल्याचा निरोप मला आदिस अबाबाहून आला. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती गेली दिंद्रुडजवळच्या आमच्या गावात, स्वतःच्या घराच्या ओसरीवर, दुपारचा चहा शेजारी निवत असताना. आणि मी होते केजला, तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात, ऊसतोड कामगारांच्या सभेच्या पत्रकांना घड्या घालत. मधे फक्त एका जीपचा रस्ता. तरी ती बातमी समुद्र ओलांडून गेली आणि मग माझ्यापर्यंत परत आली. फोनवर अल्माझ होती, इथिओपियातली मृदाशास्त्रज्ञ, आत्याची बरोबरीण. ती म्हणाली, "क्रांती, विमलच्या फोनवरून आत्ता एक माणूस माझ्याशी बोलला. मला एक शब्दही कळला नाही. पण तो रडत होता... तू घरी जा." तो माणूस म्हणजे महादेव आबा, आत्याच्या बांधाला बांध असलेले शेजारी. त्यांना फोन मलाच लावायचा होता. चष्मा घरी राहिला होता, म्हणून आत्याच्या फोनमध्ये सगळ्यात वर दिसलं ते नाव त्यांनी दाबलं. सगळ्यात वर अल्माझ होती, कारण आत्या शेवटचं तिच्याशी बोलली होती.

त्याला महिना उलटून गेला. आत्याबद्दल कुठे काही छापून आलं नाही. आमच्या जिल्ह्यात पुढाऱ्याच्या भाच्याचा वाढदिवस असला तरी रस्ताभर फ्लेक्स लागतात. जिच्या रानातली माती परदेशातल्या प्रयोगशाळांत ओळखीची होती, तिच्यासाठी चौकातल्या फळ्यावर एक ओळ नाही. मी चिडले आहे, हे लपवत नाही. पण आत्या असती तर म्हणाली असती, चिड, पण आधी काय झालं ते नीट सांग. म्हणून नीट सांगते.

आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील ऊसतोड कामगारांची संघटना बांधत होते आणि मी अक्षरं शिकले ती त्याच पत्रकांवर. नाव तर क्रांती ठेवलंच होतं. आत्या मला 'क्रांते' म्हणायची, आणि माझ्या हातात पत्रक दिसलं की आधी पेन मागायची. कॉलेजात असताना मी गावाजवळच्या वीटभट्ट्यांविरुद्ध पहिलं पत्रक लिहिलं. रानारानांतली वरची काळी माती ट्रक भरभरून भट्टीला चालली होती. मी सुरुवात केली होती, 'रक्तपिपासू भट्टीवाल्यांनो...' आत्यानं ते खोडलं. "कुणाचं रक्त पिले ते?" मी म्हटलं, आत्या, ती लिहायची पद्धत असती. ती म्हणाली, "मग माती किती खोल गेली ते लिही. वीतभर गेली. ती वीत व्हायला किती पिढ्या लागल्या ते लिही. माणूस त्याला घाबरंल. रक्ताला कोण घाबरतंय बीड जिल्ह्यात?" ते पत्रक अर्ध्या पानाचं झालं. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं पत्रक तेच. भट्ट्या मात्र अजून चालू आहेत.

ती कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवायची. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी परतली तेव्हा आजोबांनी रस्त्याकडचं रान तिच्या नावावर केलं, आणि माझ्या वडिलांनी त्यावर चकार शब्द काढला नाही. वडिलांच्या सगळ्या पत्रकांपेक्षा मी त्यांच्या त्या गप्प बसण्याला जास्त मानते. त्या रानात आत्यानं तीन पट्टे आखले. जगात जिथे जिथे आपल्यासारखी काळी, चिकट, उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी मिळून एक काम हाती घेतलं होतं. इथिओपिया, सुदान, ऑस्ट्रेलिया आणि आपण. सगळीकडे तसेच तीन पट्टे, सगळीकडे एकाच पद्धतीनं माती काढायची, एकाच पद्धतीनं वाळवायची, आणि आकडे एकमेकांशेजारी मांडायचे. प्रश्न साधा होता. पाऊस कमी आणि ऊन जास्त अशा मुलखात जमिनीतला कस टिकवता येतो का, आणि येत असेल तर कशानं? हे एका देशाला एकट्यानं कळत नाही, कारण एका ठिकाणचा पाऊस फसवतो. आत्या या सगळ्यांना 'काळ्या मातीची भावकी' म्हणायची. कुठं इथिओपिया, कुठं दिंद्रुड, असं कुणी हसलं की म्हणायची, "भावकी म्हंजी काय? ज्यांचं सुतक एक, ती भावकी."

पहिल्या पट्ट्यात गावात करतात तसं सगळं: नांगरट, खताची गोणी, फवारा. दुसऱ्याला नांगर कधीच लावायचा नाही. तुरीचा, ज्वारीचा काडीकचरा वरच कुजू द्यायचा आणि शेणखत घालायचं. तिसऱ्यात पीक तेच, पण जमिनीला बाहेरचं काही म्हणजे काहीच द्यायचं नाही. ना खत, ना शेण, ना तलावातला गाळ. गावानं त्याचं नाव उपाशी पट्टा ठेवलं. आबा बांधावरून ओरडायचे, "बाई, आमी जनावराला बी सांजच्याला चारा टाकतो. तुमी ही जमीन कावून उपाशी ठेवायलाव?"

"तिची एकादशी हाय, आबा."

"रोजच? मग उपास सोडायचा कवा तिनं?"

दोघं हसायचे. मला मात्र तिनं एकदा बसवून सांगितलं होतं. "पहिले दोन पट्टे पुढारी आहेत, क्रांते. पीक चांगलं आलं की दोघंही म्हणणार, आमच्यामुळं आलं. खरंच त्यांच्यामुळं आलं का पावसामुळं, हे सांगायला एक साक्षीदार पायजे. ज्यानं कुणाचंच खाल्लं नाही असा." कुणाचंच न खाल्लेला साक्षीदार. आमच्या सगळ्या मुलखात मला माहीत असलेला तसा साक्षीदार हा एकच, आणि तोही जमिनीचा तुकडा.

अल्माझ एकदा गावात आली होती, ऐन उन्हाळ्यात. गाडीतून उतरली ती थेट रानात गेली, गुडघ्यांवर बसली आणि उपाशी पट्ट्याच्या भेगेत तिनं कोपरापर्यंत हात घातला. "घरी आल्यासारखं वाटतंय," म्हणाली. मी दुभाषी होते. आबा म्हणाले, "इचार तिला, तुमच्याकडं बी जमीन अशीच आ वासून बसती का?" अल्माझ म्हणाली, याहून मोठा आ, कधी कधी शेळीचं पिल्लू अडकतं. आबांना ते इतकं आवडलं की पुढे महिनाभर ते गावात सांगत फिरले. जेवायला ज्वारीची भाकरी होती. अल्माझनं तुकडा मोडून वास घेतला आणि म्हणाली, ज्वारी मुळात आमच्याकडची, तिथून ती तुमच्याकडे आली. मी सांगितलं तसे आबा हातातला घास खाली ठेवून म्हणाले, "आसं? मग ही पाव्हणी न्हाई. पाव्हणे आपुनच." त्या दुपारी आत्याशेजारी ते दोघं ओसरीवर बसले होते, एकमेकांची भाषा न येणारे, आणि मला दुभाष्याचं काम जवळजवळ उरलं नव्हतं... तेवढी एकच दुपार मला आठवते, जिथे हे सगळं जमेल असं वाटलं होतं.

मग भावकीतलं एकेक घर बंद होत गेलं. सुदानमधल्या पट्ट्यांवर युद्ध आलं. तिथला शास्त्रज्ञ जीव वाचवून दुसऱ्या देशात गेला. त्याची प्रयोगशाळा, त्याचे नमुने, त्याचं रान, कशाचंच पुढे काही कळलं नाही. त्या संध्याकाळी आत्यानं चूल पेटवली नाही. "सुतक आहे," एवढंच म्हणाली. मग श्रीमंत देशांनी हात आखडता घेतला. ज्यांच्या धुरानं आमचे उन्हाळे तापले, त्यांनीच कळवलं की कोरड्या मुलखातल्या मातीचा अभ्यास यापुढे त्यांच्या प्राधान्यात बसत नाही. त्या भाषेत ना दुःख होतं, ना लाज. पैसा थांबला की रानात लावलेला या कामाच्या नावाचा निळा फलक काढायचा, असाही नियम होता. आत्यानं फलक काढला आणि गोठ्याच्या गळक्या कोपऱ्यावर पत्रा म्हणून टाकला. पट्टे मात्र सोडले नाहीत. अल्माझनंही सोडले नाहीत, ऑस्ट्रेलियातल्या एका निवृत्त प्राध्यापकानंही नाहीत. तिघांनी आपापसांत ठरवलं की पैसा नसला तरी एकदा, एकाच वर्षात, आपापल्या पेरणीआधी, तिन्ही देशांत आजवर कधीच न काढलेली खोलवरची माती काढायची आणि इतक्या वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर मिळवायचं. आत्याला बाकी काही नको होतं. तो एक उन्हाळा हवा होता.

त्याच उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्या पोटात गाठ निघाली. संभाजीनगरला ऑपरेशन झालं, मी तिच्याजवळ होते. भूल उतरल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "पाऊस नाही ना पडला?" जमीन ओली झाली असती तर सगळं अडलं असतं. डॉक्टर मला बाहेर घेऊन जे बोलले ते मी तिला जसंच्या तसं सांगितलं. आमच्यात लपवाछपवी नव्हती. ती म्हणाली, "माती काढूपर्यंत आहे ना मी? मग झालं."

आणि इकडे गावानं इर्जिक घातली. इर्जिक म्हणजे अडलेल्या घरच्या रानाचं काम सगळ्या गावानं मिळून, मजुरी न घेता, एका दिवसात उरकून द्यायचं. पूर्वी बैल यायचे, आता ट्रॅक्टर येतात. माझ्या वडिलांनी जन्मभर पत्रकांतून ज्या एकजुटीला हाका मारल्या, ती आमच्या गावात अशी न बोलावता येते. त्या उन्हाळ्यात तलाव आटला होता. कुण्या पुढाऱ्याचा फोटो चिकटवलेले जेसीबी गाळ उपसत होते आणि लागेल त्यानं गाळ न्यावा असं होतं. आबा घरोघर गेले. "बाई दवाखान्यात हायेत. पेरणीच्या आत त्यांचं रान तयार करू." ट्रॅक्टर आले, गाळाच्या ट्रॉल्या आल्या, गावातले सगळे हात आले. रान या टोकापासून त्या टोकापर्यंत खोल नांगरून काढलं. नांगर कधीच न लागलेला दुसरा पट्टाही त्यात गेला. जेवणावळ आबांच्या घरी झाली. आणि गाळ सगळ्यात जास्त कुठे पडला? उपाशी पट्ट्यात. निळा फलक निघाला तेव्हाच आबांना वाटलं होतं की प्रयोग संपला. "आता तरी खाऊ द्या तिला पोटभर," असं ते म्हणाले होते, आणि ट्रॉलीवर ट्रॉली तिथे रिकामी झाली. पट्ट्यांच्या खुणेचे दगड नांगराला अडत होते. ते त्यांनी फेकले नाहीत. उचलून, धुऊन, बांधावर ओळीनं मांडून ठेवले.

आम्ही दवाखान्यातून परतलो तेव्हा आबा रस्त्यावरच उभे होते. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला नवी टोपी. त्यांनी गाडी घराऐवजी रानाकडे वळवायला लावली. "बाई, उतरू नका. नुसतं खिडकीतनं बघा." आत्यानं पाहिलं. रान काळंभोर, एकसारखं, लोण्यासारखं पडलं होतं. कुठला पट्टा कुठे संपतो, काही म्हणता काही उरलं नव्हतं. मी तोंड उघडणार तोच तिनं माझं मनगट धरलं. पोटावर ताजे टाके असलेल्या बाईच्या हातात एवढं बळ कुठून आलं, कोण जाणे...

"लई राबलाव, आबा," ती म्हणाली.

"त्यात काय राबायचं? तुमी उठा लवकर. औंदा तुमच्या रानात तूर आशी येती बघा, आत गेलेला माणूस दिसायचा न्हाई."

घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी मला अल्माझला फोन लावायला सांगितलं आणि काहीही न सजवता सगळं सांगितलं. अल्माझ म्हणाली, "आमच्याकडेही असंच येतात. त्याला देबो म्हणतात. माझे वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा सगळं गाव बैल घेऊन आलं होतं... विमल, मला त्या माणसावर रागावता येत नाही."

"मलाही," आत्या म्हणाली. "तेच तर अवघड आहे."

या कामाचं इकडचं बघणारे पूर्वी एक साहेब होते. त्यांनी फोनवर वाट सुचवली. बांधाकडेची पडीक माती घ्या, उपाशी पट्टा म्हणून पाठवून द्या, मॅडम, आता तपासणार कोण? आत्या म्हणाली, "कुणीच नाही. म्हणूनच नको. माझा खोटा आकडा अल्माझच्या खऱ्या आकड्याशेजारी जाऊन बसला तर तिचाही नासवील." आणि तिनं आपलं रान स्वतःच बाद ठरवलं. इथिओपिया आणि ऑस्ट्रेलियात ठरल्याप्रमाणे माती निघेल आणि काहीतरी उत्तर येईल. पण ते त्यांच्या पावसाचं उत्तर असेल. आपल्या पावसात, आपल्या उन्हात ही जमीन कशानं टिकेल, हे आता तिच्या हयातीत कुणाला कळणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही. उपाशी पट्टा उद्यापासून पुन्हा उपाशी ठेवला तरी त्याचा साक्षीदार व्हायला माणसाचं अख्खं आयुष्य जातं. तेवढं थांबायला आमच्या गावात कुणी नाही, जगात पैसा देणारं कुणी नाही.

आबांना सांगू नकोस, असं ती मला म्हणाली नाही. तिनंच सांगितलं. जून लागला तरी माती काढायचं लांब गिरमिट कोपऱ्यात तसंच उभं होतं, तेव्हा आबांनीच विषय काढला. "बाई, औंदा माती काढायची न्हाई का? धरायला माणसं देतो की."

"न्हाई आबा. ती माती राहिली न्हाई." आणि तिनं पहिल्यापासून सांगितलं. पुढारी, साक्षीदार, भावकी, सगळं. आबा मधे एकदाच बोलले.

"म्हंजी बोर्ड काढला तरी चालूच व्हतं?"

"चालूच व्हतं."

"मग गाळ उचलतो की परत. उद्याच पोरं बोलावतो. फावड्यानं काढू, ट्रॅक्टर घालत न्हाई."

"मिसळला तो, आबा. गाळ कंचा अन् माती कंची, आता मला बी सांगता यायचं न्हाई."

आबा उठले, आणि पायरीवर जाऊन पुन्हा बसले. आमच्याकडे पाठ होती. "त्याच दिशी कावून शिव्या न्हाई घातल्या मला?"

"शिव्या कशाच्या? तुमी दर वर्षी इचारायचाव, अन् मी एकादशी सांगायचे. समुद्रापल्याडच्या बाईला मी समदं सांगितलं, आबा. बांधापल्याडच्या माणसाला हसण्यावारी नेलं."

हे ती माझ्यासमोर बोलली. मला वाटलं होतं, या सगळ्यावर एक पत्रक लिहीन. बसलेसुद्धा. शत्रू सापडले: युद्ध करणारे, पैसा थांबवणारे, खोटी माती पाठवा म्हणणारे, गाळाच्या यंत्रावर स्वतःचा चेहरा चिकटवणारे. सगळ्यांविरुद्ध लिहिता येत होतं. पण शेवटचा घाव घालणारे हात ज्यांचे होते, त्यांच्यासाठीच तर मी आजवर लिहीत आले. मी कागद बाजूला ठेवला. पहिल्यांदाच मला घोषणा सुचली नाही, आणि अजूनही सुचलेली नाही. लोक एकत्र आले की भलं होतं, या एकाच वाक्यावर मी वाढले. ते खोटं नाही. पण ते पुरत नाही, आणि जे कमी पडतं ते भरून काढायला आता आत्या नाही.

तूर खरंच तशी आली. रस्त्यानं जाणारे गाड्या थांबवून बघतात. जाण्याआधी आत्यानंही पाहिली, रानाच्या कडेला टाकलेल्या बाजेवर उशीला टेकून. तेव्हा ती कमरेएवढी होती. "पुढारी बघ कसा डुलतोय," म्हणाली आणि हसताना तिला कळ आली.

गेल्या आठवड्यात मी घर आवरायला गेले होते. मागच्या खोलीत भिंतभर फळ्या आहेत आणि त्यांवर बरण्या. लोणच्याच्या, बोर्नव्हिटाच्या, औषधाच्या दुकानातून मागून आणलेल्या. प्रत्येकीत त्या रानातली वाळवून चाळलेली माती, वर तिच्या अक्षरात साल, पट्टा आणि किती खोलीवरची ते. अल्माझला ती हवी आहे. पण माती देशाबाहेर न्यायची तर परवाने लागतात, परवान्यांना संस्था लागते, आणि संस्था म्हणते हे रान आता आमच्या यादीत नाही. अख्ख्या शिवाराची माती भट्टीत गेली तेव्हा कुणी परवाना विचारला नव्हता. तर बरण्या तिथेच आहेत. आबा रोज सकाळी येऊन त्या खोलीची खिडकी उघडतात आणि ऊन आत यायच्या आधी लावून घेतात, कारण मातीला ओलही लागू नये आणि ऊनही, म्हणून आत्या तसं करायची. मी म्हटलं, आबा, आता या मातीसाठी कुणी येणार नाही. "नगं येऊ," ते म्हणाले, आणि उपरण्याच्या टोकानं एकेक झाकण पुसत राहिले. मधल्या फळीपाशी थांबले. चिठ्ठ्यांवरचं अक्षर बारीक आहे, चष्मा लावूनही त्यांना ते लागत नव्हतं.

"क्रांतीताई, ह्यातली माझ्या आधीची माती कंची?"

"सगळीच, आबा."

त्यांनी मान हलवली. सगळ्यात खालची फळी आत्यानं या वर्षासाठी मोकळी ठेवली होती. आबा वाकले आणि तीही पुसून घेतली.